पोटेन्शिओस्टॅटचा बोर्ड: चिप नाद खुळा, बोर्ड करंटखाऊ

फायनल इयरच्या प्रोजेक्टला एलएमपी ९१००० या पोटेन्शिओस्टॅट चिपचा (इलेक्ट्रोडला ठरावीक व्होल्टेज देऊन येणारा करंट मोजणारी) तयार बोर्ड ऑनलाइन मागवला, कोल्हापुरात चार दुकानं फिरलो पण नावसुद्धा कुणी ऐकलं नव्हतं. विषय डेंग्यूचा, कारण पाऊस झाला की आमच्या राजारामपुरीच्या गल्लीत एक तरी पेशंट ठरलेला. स्ट्रिपवरच्या इलेक्ट्रोडला अँटीबॉडी चिकटवायची, तिनं रक्तातलं एनएस१ (डेंग्यूच्या विषाणूचं प्रोटीन) पकडलं की एन्झाइमच्या जोरावर बारीकसा करंट येतो, तो ही चिप मोजणार. एनएस१ तापाच्या सुरुवातीलाच घावतं, आयजीएमची, म्हणजे शरीरानं बनवलेल्या अँटीबॉडीची, वाट बघायची तर चार-पाच दिवस जातात. अजून रक्तबिक्त काय नाय हां, सध्या पोटॅशियम फेरिसायनाइड या चाचणीच्या रसायनावरच भागवतोय.

चिप टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची, ४ बाय ४ मिमी, मोजताना साधारण १० मायक्रोअँप घेते, झोपवली तर एकच्या आत. बटन सेल २२० मिलिअँप-अवरचा धरला तर नुसत्या चिपला दोन वर्षं आरामात पुरतोय.

आणि बोर्डाला मीटर लावला तर साडेसहा मिलिअँप! पार्टनर म्हणतोय "भावा, मीटर गंडलाय". मीटर कशाला गंडतोय, बोर्डावर व्होल्टेज स्थिर ठेवणारा १११७ रेग्युलेटर बसवलाय, तो गडी काही काम नसताना ५ मिलिअँपच्या आसपास खातो आणि वर लाल एलईडी चोवीस तास पेटलेली. एवढ्या करंटला तोच सेल दीड दिवसात गार. चिप उपाशी न एलईडी तुपाशी. शेवटी दोन्ही उपटून काढले, चिप २.७ व्होल्टपासनं चालते म्हणून सरळ सेलवर टाकली, मग कुठं आकडा ११ मायक्रोअँपवर आला.

एमईएनबी (चिपचं बोलणं चालू करणारी) पिन ग्राउंडला जोडल्याशिवाय चिप आयटूसीवर (मायक्रोकंट्रोलरशी बोलायची दोन तारांची लाइन) बोलतच नाय, हे विकणाऱ्यानं कुठंच लिहिलेलं नाय, आमची एक अख्खी संध्याकाळ त्यात गेली. बायस (इलेक्ट्रोडला द्यायचं व्होल्टेज) टप्प्याटप्प्यानंच बदलतो, जास्तीत जास्त रेफरन्स व्होल्टेजच्या २४ टक्के, त्यामुळं सलग व्होल्टॅमेट्री (व्होल्टेज फिरवत करंट बघणं) करायची असंल तर हिच्या नादाला लागू नका, मुळात गॅस सेन्सरसाठी बनवलेली चिप आहे ती. सगळ्यात बारीक रेंज ५ मायक्रोअँपची, त्याखाली जायचं तर बाहेरनं रेझिस्टर लावावा लागतोय.

चिपला पाच स्टार, बोर्डाला दोन. विकणाऱ्याला एलईडीचं कळवलं तर रिप्लाय आला, "सर, त्यामुळे बोर्ड चालू आहे ते समजते."