वावरात राजहंस पाळायचे की गावठी कोंबड्या?

नागपूरजवळ हिंगणा, कळमेश्वर, काटोलकडे वावरात घर बांधून राहायला गेलं की पहिल्याच पावसाळ्यात हा विषय निघतो. पोरांना पांढरेशुभ्र राजहंस हवे असतात, आजीला कोंबड्या. माझं माप आजीकडे झुकतं, पण पूर्ण नाही.

अंड्यांसाठीच पाळायचं असेल तर फार डोकं चालवू नका. गावठी कोंबडी वर्षाला 60 ते 80 अंडी देते. खाकी कॅम्पबेल बदक, नीट खाऊ घातलं तर, 250 च्या वर जातं. राजहंसाची मादी तीस-चाळीसवर थांबते, तीही मोसमातच. अंडं मात्र दीडशे ग्रॅमच्या आसपास, एकाच्या आमलेटात दोघांचं भागतं. विक्रीतही कोंबडीच पुढे. सावजी रस्स्यासाठी गावठी कोंबडी शोधत गिऱ्हाईक दारात येतं, राजहंसासाठी कोण येणार?

खाण्याचा हिशेब मात्र उलटा आहे. कोंबडी किडे टिपते, उकिरडा उकरते, तरी तिला दाणा लागतोच. राजहंस गाईसारखा चरतो. मोठा झालेला पक्षी कोवळ्या हरळीवर दिवस काढतो, संध्याकाळी मूठभर दाणा दिला की झालं. अमेरिकेत तणनाशकं येण्याआधी कपाशीतलं गवत काढायला राजहंस सोडत, कारण ते गवत खातात आणि पऱ्हाटीला सहसा तोंड लावत नाहीत. संत्र्याच्या बागेतही हे जमतं, पण फवारणी झालेल्या बागेत त्यांना सोडायचं नाही. गव्हाचे कोवळे अंकुर आणि पालकाचे वाफे मात्र त्यांच्यापासून वाचवावे लागतात.

अडचण आहे ती आपल्या उन्हाळ्याची. दिवाळीपर्यंत धुरे हिरवे, मार्च उजाडला की सगळं पिवळं. विहिरीच्या पाण्यावर लसूणघासाचा किंवा हरळीचा तुकडा ओला ठेवता येत नसेल, तर फुकट चरणारा पक्षी ऐन उन्हाळ्यात महाग पडतो. त्यात ऊन. 2013 च्या मे महिन्यात नागपुरात पारा 47.9 अंशांवर गेला होता. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या ऐन उन्हाच्या दिवसांत, दाट सावली आणि दिवसातून दोन-तीनदा बदललेलं पाणी हवंच. तळं नसलं तरी चालतं, पण भांडं इतकं खोल हवं की डोकं पूर्ण बुडेल. राजहंस घमेल्यात मान खुपसतो, फुर्रकन नाक मोकळं करतो, डोळे धुतो आणि तेच पाणी पाठीवर उडवतो. उथळ ताटलीत हे होत नाही, मग डोळे चिकटतात. बदकांना पाणी याहून जास्त लागतं, आणि काळ्या मातीत त्याचा जो चिखल होतो तो अंगणात कुणालाच नको असतो.

राखणीला राजहंस उत्तम. अनोळखी माणूस फाटकाशी आला की मान जमिनीलगत ताणून फुसफुसत जातात, आवाज शेजारच्या वावरापर्यंत पोचतो. पण ते बोंब मारतात, लढत नाहीत. मोकाट कुत्र्यांपुढे किंवा बिबट्यापुढे त्यांचं काही चालत नाही, रात्री खोलीत कोंडावेच लागतात. अंड्यांच्या मोसमात नर घरच्यांवरही धावून जातो. दोन-तीन वर्षांचं लेकरू अंगणात खेळत असेल तर मी थांबायला सांगेन.

रोगांचं म्हणाल तर कोंबड्यांना मानमोडीची (राणीखेत) लस चुकवायची नाही. राजहंस त्या रोगाने सहसा पडत नाहीत. बर्ड फ्लूचं वेगळं आहे. बदक-राजहंसात तो लक्षणं न दाखवताही असू शकतो. 2024 च्या अखेरीस नागपूरच्या गोरेवाडा वन्यप्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट त्याने दगावले, तेव्हा हा धोका लांबचा समजू नका. कोंबड्या आणि राजहंस एका खुराड्यात, एका पाण्यावर ठेवायचे नाहीत.

आणखी एक, राजहंस पंधरा-वीस वर्षं जगतो आणि जोडीला धरून राहतो. बदलीची नोकरी असलेल्यांनी कोंबड्याच घ्याव्यात. विहिरीला उन्हाळाभर पाणी, पोरं शाळेत जाण्याइतकी मोठी आणि मुक्काम कायमचा, असं असेल तर कोंबड्यांच्या जोडीला राजहंसाचा एक नर-तीन माद्या जरूर घ्या. पिल्लांना कोंबडीचं खाद्य देणार असाल तर त्यात थोडं यीस्ट मिसळा. त्या खाद्यात त्यांच्या गरजेइतकं नायसिन (एक ब जीवनसत्त्व) नसतं आणि पाय लुळे पडतात.