स्टॅक्सचा बॉक्ससेट घेताना मी कसा गंडलो

आधीच सांगतो, मी यात नवखा नाही. सतराएक वर्षं झाली सीडी आणि एलपी जमवतोय, दोन कपाटं भरलीत, बायको म्हणते तिसरं आणलंस तर तू त्यातच झोप. त्यामुळे "आम्हाला काय माहीत नव्हतं हो" असं म्हणायची सोय मला नाही. खरी सीडी कशी ओळखायची, सेलरला काय विचारायचं, पैसे कसे द्यायचे आणि कसे अजिबात द्यायचे नाहीत, सगळं पाठ होतं, चार जणांना मीच ते शिकवलंय, आणि तरीही १४० डॉलरची टोपी मला अगदी मापात बसली. म्हणून लिहितोय. "मला कोण गंडवणार" असं वाटणारे माझ्यासारखे अजून बरेच असतील.

माझा नाद म्हणजे अमेरिकन संगीत, रूट्स, ब्लूज, सोल आणि जुना रॉक, आणि त्यातही बॉक्ससेट, म्हणजे एका पेटीत बऱ्याच सीडी आणि माहितीचं बुकलेट. हॅरी स्मिथने मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्यांमधून निवडून १९५२ मध्ये काढलेला ८४ गाण्यांचा अमेरिकन लोकसंगीताचा संच (तो १९९७ ला सहा सीडींवर आला), रॉबर्ट जॉन्सनचा १९९० चा दोन सीडींचा, जेम्स ब्राऊनचा १९९१ चा चार सीडींचा, हे सगळे आहेत. ही माणसं कोण, कुठली, त्या वेळी स्टुडिओत काय चाललं होतं हे बुकलेट मांडीवर घेऊन वाचत वाचत ऐकायचं, यात जी मजा आहे ती फोनवर गाणं लावून येत नाही, निदान मला तरी नाही येत. एकच मोठा राहिला होता. मेम्फिसच्या स्टॅक्स या सोलच्या रेकॉर्ड कंपनीचा, म्हणजे स्टॅक्स आणि व्होल्ट या तिच्या लेबलांच्या १९५९ ते ६८ च्या सिंगल्सचा (सुट्या गाण्यांच्या तबकड्यांचा), नऊ सीडी, २४४ गाणी, अटलांटिक या मोठ्या रेकॉर्ड कंपनीने १९९१ ला काढलेला.

आता तोच का, तर मागच्या थँक्सगिव्हिंगला आम्ही न्यू जर्सीहून मेम्फिसला गेलो होतो. पोरांना एल्व्हिस प्रेस्लीचं घर, ग्रेसलँड, बघायचं होतं, मला मॅकलेमोर अ‍ॅव्हेन्यू. तिथला स्टॅक्सचा मूळ स्टुडिओ म्हणजे एक बंद पडलेलं थिएटर, खुर्च्या काढल्या पण थिएटरचा उतार तसाच ठेवला आणि त्या उतारावर बसून सोलचा मोठा गायक ओटिस रेडिंग याच्यापासून सगळ्यांनी गाणी केली. जिम स्टुअर्ट बँकेत नोकरी करणारा, त्याची बहीण एस्टेल अ‍ॅक्स्टन, तिनं रेकॉर्डिंगचं मशीन घ्यायला घर गहाण टाकलं, आणि दोघांच्या आडनावांची पहिली दोन दोन अक्षरं जोडून स्टॅक्स. मूळ इमारत १९८९ ला पाडली, त्याच जागी २००३ मध्ये म्युझियम उघडलं, त्यात तो उतारसुद्धा परत बांधलाय. मी तिथं अर्धा तास नुसता उभा होतो. पोरं कंटाळली.

आणि तिथंच ती कराराची गोष्ट परत डोक्यात बसली. स्टॅक्सची रेकॉर्ड्स देशभर विकायचं काम अटलांटिककडे होतं, सुरुवातीला सगळा मामला तोंडी, विश्वासावर. मग १९६५ ला लेखी करार झाला आणि स्टुअर्टने तो नीट न वाचता सही केली. १९६७ ला अटलांटिक वॉर्नरला विकली गेली, पुढच्या वर्षी स्टॅक्सवाले वेगळे व्हायला निघाले आणि कागद उघडून बघतात तर तोपर्यंतच्या सगळ्या मास्टर टेप (मूळ रेकॉर्डिंग) अटलांटिकच्या मालकीच्या! ओटिस डिसेंबर १९६७ लाच विमान पडून गेलेला, आणि आता त्याची गाणीपण हातातून गेली. म्हणूनच पहिला संच १९६८ ला थांबतो आणि तो अटलांटिकचा आहे, पुढच्या वर्षांचे दोन संच दुसऱ्याच कंपनीने काढले. हे सगळं इथं का सांगतोय ते पुढे कळेल, कारण हीच गोष्ट मी त्या चोराला सविस्तर लिहून पाठवली होती.

घरी आल्यावर शोधाशोध सुरू. आणि आठवड्याभरात एका खरेदी-विक्रीच्या साईटवर लिस्टिंग दिसलं. मी इतके दिवस जे आकडे बघत होतो त्याच्या निम्मी किंमत, शिपिंगसकट १४०. फोटो दोनच, बॉक्स निळ्या सोफ्यावर ठेवलेला, एक पुढून, एक उघडून. खाली लिहिलेलं की वडील गेल्या महिन्यात वारले, त्यांचा संग्रह काढतोय, मला यातलं काही कळत नाही, ज्याला कदर आहे त्याच्याकडे जावं एवढीच इच्छा.

झालं. मी विरघळलो.

माझे स्वतःचे वडील गेले तेव्हा त्यांच्या नाट्यसंगीताच्या कॅसेटी मी अशाच पेटीत भरून पुण्यात काकांकडे ठेवल्या होत्या, त्या आठवल्या. मी लगेच मेसेज टाकला, आधी सांत्वन, मग मेम्फिसची ट्रिप, मग तो उतार, मग तो करार. तो काय सांगणार, सगळी माहिती मीच पुरवत होतो. दुसऱ्या दिवशी त्याचा रिप्लाय, "डॅड नेहमी म्हणायचे की स्टॅक्सवर फार अन्याय झाला." माझ्या डोळ्यात पाणी! आदल्या रात्री मीच लिहिलेलं वाक्य तो मला परत विकत होता आणि मला वाटतंय बघा किती दर्दी माणूस होता.

आता नियम काय आहे? आमच्यात साधा नियम आहे, की सेलरला सांगायचं एका चिठ्ठीवर आजची तारीख आणि माझं नाव लिही, ती वस्तूवर ठेव आणि फोटो पाठव. दोन मिनिटांचं काम. आणि सगळ्या डिस्कची मागची बाजू, उजेडात, मधली रिंग वाचता येईल अशी. मी हे दर वेळी मागतो. या वेळी टाईप केलं आणि पुसलं. बाप गेलेल्या माणसाला काय सांगायचं, चिठ्ठीवर माझं नाव लिही म्हणून? बरं नाही दिसत. मग पैशाची वेळ आली. त्या पेमेंट अ‍ॅपमध्ये दोन पर्याय असतात, एक वस्तू आणि सेवेसाठी, त्यात थोडी फी कापली जाते पण माल चुकीचा आला तर दाद मागता येते, आणि दुसरा मित्र-नातेवाईकांना पाठवायचा, त्यात फी नाही आणि संरक्षणही नाही. तो म्हणाला मित्र-नातेवाईकवालं करतोस का, फ्युनरलचा खर्च खूप झालाय. चार-पाच डॉलरचा प्रश्न. ती फी मी वरून दिली असती तर विषय संपत होता, पण तसं म्हणायचीही लाज वाटली, जणू मी त्याच्यावर संशय घेतोय. आजी म्हणायची, भीड ही भिकेची बहीण. पाठवले.

सहा दिवसांनी पार्सल आलं, मीडिया मेलने, म्हणजे इथल्या पुस्तकं-सीडींच्या स्वस्त टपालाने. वजन बरोबर, बॉक्स बरा, नऊच्या नऊ डिस्क. मी खूश. पहिली लावली, छान वाजली. खरं सांगायचं तर पंधरा दिवस मी त्या नकली डिस्क मनापासून ऐकल्या, त्यावर नाचलोसुद्धा. बुकलेटमधले फोटो जरा धुरकट वाटत होते पण म्हटलं जुनी छपाई.

मग एका शनिवारी आमचा नागपूरचा मित्र जेवायला आला. त्यानं कौतुकानं एक डिस्क काढली, खिडकीपाशी नेऊन तिरकी धरली आणि म्हणाला, "अबे, हे तं राईट केलेली सीडी आहे ना बे!"

मी हसलो. तो नाही हसला. कारखान्यात छापलेली सीडी मागून चांदीसारखी असते, आणि कॉम्प्युटरवर राईट केलेलीला आतल्या रंगामुळे हिरवट, निळसर, कधी जांभळट झाक असते. कॉलेजात असताना पुण्यात आपण दहा-वीस रुपयांना सीडी राईट करून घ्यायचो त्यांची झाक आठवा, अगदी तीच. पिवळ्या दिव्याखाली ती पटकन कळत नाही, आणि माझा स्टिरिओ आहे पिवळ्या लॅम्पशेडशेजारी. मी म्हटलं थांब, आणि जुना लॅपटॉप काढून त्यात घातली. राईट करायच्या सॉफ्टवेअरने सरळ सांगितलं, सीडी-आर, म्हणजे घरी राईट करायची सीडी. नऊच्या नऊ.

रिंगबद्दल एक सांगतो, कारण इथं माझी अर्धवट अक्कल नडली. १९९४ पासून सीडीच्या आतल्या भागात बारीक अक्षरात आयएफपीआय (रेकॉर्ड कंपन्यांची जागतिक संघटना) आणि पुढे कोड टाकायची पद्धत सुरू झाली, कुठल्या कारखान्यात बनली ते कळावं म्हणून. माझ्या डिस्कवर तो नव्हता आणि मी ते पहिल्या दिवशीच बघितलं होतं! पण मीच स्वतःला समजावलं, की हा १९९१ चा छाप, त्यावर कोड नसणारच. तर्क चुकीचा नव्हता, पण मॅट्रिक्स नंबर तरी हवा ना, तो चकचकीत रिंगमध्ये कोरलेला कॅटलॉग नंबर, तो छापील डिस्कवर कोड यायच्या आधीपासून असतो. माझ्या डिस्कवर तिथं कोऱ्या सीडीच्या कंपनीचे आकडे होते. नऊही डिस्कवर एकाच मालिकेतले, म्हणजे पठ्ठ्यानं एकाच डब्यातल्या कोऱ्या सीड्या वापरलेल्या.

मित्रानं गाणी लॅपटॉपवर घेऊन स्पेक्ट्रमपण (आवाजातल्या खालच्या-वरच्या सुरांचा आलेख) काढला. जुन्या टेपची जी सळसळ असते ना, मागे सतत चालू असलेली, ती पार वरपर्यंत जायला पाहिजे, सीडीत साधारण २२ किलोहर्ट्झपर्यंत जागा असते. आमच्याकडे ती १६ च्या आसपास सुरीने कापल्यासारखी थांबत होती. म्हणजे कुठून तरी कमी दर्जाच्या एमपीथ्री उतरवल्या आणि त्याच परत सीडीवर राईट केल्या. १४० डॉलर देऊन मी एमपीथ्री विकत घेतल्या. बुकलेटसुद्धा स्कॅन करून छापलेलं, मूळ छपाईचे ठिपके स्कॅन होऊन त्यावर परत नव्या छपाईचे ठिपके पडले की फोटोंवर जी लहरीलहरींची जाळी दिसते ना, भिंगाखाली ती उघड दिसली.

सेलरला लिहिलं. तो म्हणाला, वडिलांनी कुठून घेतला मला काय माहीत, मी तर बोललोच होतो मला यातलं काही कळत नाही. बघा, ते वाक्य पहिल्या दिवसापासून तयार ठेवलेलं होतं. दुसऱ्या मेसेजला ब्लॉक. पेमेंटवाल्यांनी सांगितलं मित्र-नातेवाईक व्यवहाराला संरक्षण नाही, त्यांचीही चूक नाही, पैसे पाठवताना ते स्क्रीनवर लिहून येतं, मी बटण दाबलं. एफबीआयच्या इंटरनेट तक्रार केंद्रावर, आयसी३ वर तक्रार टाकली, माल टपालाने आला म्हणून पोस्टल इन्स्पेक्शनकडेही टाकली. पैसे आले नाहीत. भारतात असाल आणि ऑनलाईन पैसे असे गेले तर त्याच क्षणी १९३० ला फोन लावा, माझ्यासारखे पंधरा दिवस नाचत बसू नका.

जाता जाता अजून एक, हे बेकायदा नाही पण मनस्ताप तोच. माझ्या भाच्यानं पुण्याहून एका तीन सीडींच्या पत्र्याच्या डब्याचा फोटो पाठवला, सोलचे बादशहा टाईप नाव, मूळ कलाकार असं ठळक लिहिलेलं. त्याला म्हटलं मागे बारीक अक्षरात बघ. निघालं, पुन्हा रेकॉर्ड केलेली गाणी. कलाकार मूळ, गाणं नंतर कधीतरी दुसऱ्या कंपनीसाठी परत गायलेलं. हे अनेकांनी केलंय, रॉक अँड रोलवाल्या चक बेरीनेसुद्धा १९६७ ला आलेल्या अल्बमसाठी, नवीन कंपनीकडे, आपलीच जुनी हिट गाणी परत रेकॉर्ड केली होती. तसंच युरोपातले दहा-दहा सीडींचे अगदी स्वस्त बॉक्स, त्यात गाणी १९६२ पर्यंतचीच का असतात? कारण तिथं तेवढ्या जुन्या रेकॉर्डिंगचे हक्क संपलेत, कुणीही छापू शकतं, आणि त्यातले बरेच जण मूळ टेपवरून नाही तर चक्क जुन्या एलपीवरून उतरवतात. स्वस्तात ऐकायला ठीक आहे, माझ्याकडेही दोन आहेत, फक्त काय घेतोय ते कळून घ्या.

त्या नऊ डिस्क अजून माझ्याकडे आहेत. विकता येत नाहीत, फुकट दिल्या तरी कुणीतरी पुढे खरा म्हणून विकेल, म्हणून प्रत्येकीवर मार्करने "नकली" लिहून ठेवलंय. बायकोनं विचारलं, मराठीत का लिहिलंस, इथं कोण वाचणार? तो मुद्दा बरोबर आहे, आता इंग्लिशमध्येपण लिहितो.

आणि परवा, म्हणजे चार महिन्यांनी, त्याच साईटवर परत एक लिस्टिंग दिसलं. नाव वेगळं, गाव वेगळं, बॉक्स मोटाऊनचा, म्हणजे सोलच्याच दुसऱ्या एका कंपनीचा. या वेळी सासरे वारलेत. मी चिठ्ठी आणि तारखेचा फोटो मागितला, लगेच ब्लॉक झालो, मग साईटला रिपोर्ट केलं, दोन दिवसांनी लिस्टिंग गायब. पण फोटोत तोच निळा सोफा होता, डाव्या हातावर कॉफीचा डाग असलेला. कुणाला कुठल्याही नावाने, कुठल्याही बॉक्ससेटखाली तो सोफा दिसला तर मला सांगा.