कथेसाठी तारा निवडताना: प्रॉक्झिमा, ट्रॅपिस्ट-१ की टाऊ सेटी?

विज्ञानकथा लिहायला घेतली की पहिला मोह नावाचा होतो. ज्येष्ठा, अभिजित, व्याध... कानाला किती छान! पण व्याधाचं वय जेमतेम २०-२५ कोटी वर्षं. पृथ्वी तेवढ्या वयाची होती तेव्हा इथे शेवाळसुद्धा नव्हतं. ज्येष्ठा तर फुगून शेवटाला आलेला तारा. तिथे नगरं आणि राजघराणी वसवलीत, तर जाणकार वाचक पहिल्याच पानावर हसेल. म्हणून खऱ्या ताऱ्यांपैकी निवडायचे ते मंद, बिननावाजलेले.

प्रॉक्झिमा सूर्याचा सर्वांत जवळचा शेजारी, ४.२४ प्रकाशवर्षांवर. २०१६ मध्ये सापडलेल्या त्याच्या ग्रहाचं वर्ष ११.२ दिवसांचं. त्या ग्रहावरून तांबूस प्रॉक्झिमा आपल्या सूर्याच्या तिप्पट रुंद दिसेल. रात्रीच्या बाजूला मित्र या जोडताऱ्याचे दोन्ही घटक शुक्राहून तेजस्वी, आणि शर्मिष्ठा तारकासमूहाच्या ‘एम’ला एक जास्तीचा तारा चिकटलेला: आपला सूर्य! या एका दृश्यासाठी अख्खी कथा लिहावी.

अडचण अशी, की ताऱ्याच्या इतक्या जवळचा ग्रह बहुधा एकच बाजू त्याच्याकडे धरून फिरतो. मी तिथे दिवेलागणीचा छान प्रसंग रंगवला होता, आजी, वृंदावन, सगळं. मग लक्षात आलं की इथे संध्याकाळ होतच नाही. प्रसंग गेला कचऱ्यात. शिवाय हा तारा तापट. त्याच्या भडक्यांमुळे हवा टिकेल का, हाच प्रश्न.

ट्रॅपिस्ट-१ कुंभ राशीत, सुमारे ४० प्रकाशवर्षांवर. सात खडकाळ ग्रह, सगळे मिळून बुधाच्या कक्षेत मावतील एवढ्याशा जागेत. संध्याकाळची पंचाईत इथेही आहेच. पण पंचांग रचायची हौस असेल तर याला तोड नाही: सर्वांत बाहेरच्या ग्रहाच्या दोन फेऱ्या होईतो आतल्याच्या जवळपास चोवीस होतात, मधल्यांचीही गणितं अशीच जुळलेली. शेजारचा ग्रह कधीकधी आपल्या चंद्राहून मोठा दिसेल. माहेर एका ग्रहावर, सासर दुसऱ्यावर, अशी कथा इथेच शोभेल. मात्र ग्रह ताऱ्यासमोरून जातात, म्हणून त्यांचे आकार आणि वस्तुमान दोन्ही नीट मोजले गेलेत. थापेला जागा कमी. सर्वांत आतल्या ग्रहावर अवकाशातल्या जेम्स वेब दुर्बिणीला २०२३ मध्ये हवेची खूण मिळाली नाही, त्यामुळे तिथे तरी बाग फुलवू नका.

माझं मत टाऊ सेटीला. ११.९ प्रकाशवर्षं, वस्तुमान सूर्याच्या ७८ टक्के, प्रकाश साधारण निम्मा. २०१७ मध्ये चार ग्रहांचा दावा झाला, पण त्यावर शंका आहेत. आपल्याला हेच सोयीचं: तारा खरा घ्या, ग्रह स्वतःचा ठेवा. पृथ्वीइतकी ऊब हवी तर ग्रह ०.७ खगोलीय एककावर (पृथ्वी-सूर्य अंतराच्या ०.७ पट) ठेवावा लागेल, आणि अंतरावरून वर्ष काढून देणाऱ्या केप्लरच्या नियमाने वर्ष येईल २४२ दिवसांचं. म्हणजे इथून गेलेली तीस वर्षांची बाई तिथल्या हिशेबाने पंचेचाळिशीची! या ताऱ्याभोवती धूळ-धोंड्यांचा पसारा सूर्यमालेच्या दहापट, त्यामुळे धूमकेतूंचा धाकही फुकटात मिळतो. तिथून सूर्य भूतप तारकासमूहात, स्वातीशेजारी दिसेल, पण स्वातीपुढे अगदीच फिका.

नुसतं दरबारी राजकारण लिहायचं असेल, तर तारासुद्धा मनातलाच घ्या. फक्त त्याचा प्रकाश, अंतर आणि वर्ष एकमेकांशी जुळू द्या.

आकडे फुकट मिळतात: अंतरांसाठी गाया उपग्रहाची यादी, ग्रहांसाठी नासाचं ‘एक्झोप्लॅनेट आर्काइव्ह’ हे संकेतस्थळ. त्यात ‘किमान वस्तुमान’ लिहिलंय का, ते नक्की पाहा. प्रॉक्झिमाच्या ग्रहाचं १.०७ पृथ्वी हे किमानच आहे, तेव्हा गुरुत्व थोडं वाढवायला हरकत नाही. आणि ताज्या बातमीतल्या ग्रहावर कादंबरी बेतू नका. ग्लीझ ५८१ भोवतीचा राहण्याजोगा म्हणून २०१० मध्ये गाजलेला ग्रह २०१४ च्या अभ्यासात ताऱ्याच्याच डागांचा खेळ ठरला.

टाऊ सेटीची बाजू घ्यायला आणखी एक कारण आहे. प्रॉक्झिमा आणि ट्रॅपिस्ट नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. हा दिसतो. डिसेंबरच्या मध्यावर रात्री आठला, गावाच्या दिव्यांपासून दूर गच्चीवर दक्षिणेकडे तोंड करून उभे राहा. तिमिंगल तारकासमूहातला तो मंद, पिवळसर ठिपका.