सॅटेलाइट मेसेंजर: एका हिवाळ्याचा अनुभव, वाट बघणाऱ्याच्या बाजूने

पहाटे साडेपाचला फोन वाजतो. मेसेज दोनच शब्दांचा असतो: "गाडीपाशी आलो." आई त्याआधीच उठलेली असते. चहा उकळत असतो, पण मी मेसेज वाचून दाखवल्याशिवाय ती तो गाळत नाही. नोव्हेंबर ते एप्रिल, दर रविवारी आणि सोमवारी आमच्या घरात दिवस असाच उजाडला.

माझा धाकटा भाऊ कॅनडात ब्रिटिश कोलंबियातल्या रेव्हलस्टोक गावात इलेक्ट्रिशियन आहे. सेलकर्क आणि मोनाशी या दोन डोंगररांगांच्या मधलं, कोलंबिया नदीकाठचं हे गाव. वरच्या डोंगरांवर एका हंगामात दहा मीटरच्या आसपास बर्फ पडतो. शनिवार-रविवार तो मित्रांबरोबर स्नोमोबाईल, म्हणजे बर्फावरची स्कूटर, घेऊन वर जातो. तिकडे सगळे तिला स्लेड म्हणतात. डोंगराच्या मागच्या बाजूला उतरलं की फोनची रेंज संपते. आमचं सोलापूर तिथून त्या हिवाळ्यात साडेतेरा तास पुढे होतं. तो सकाळी आठला निघतो तेव्हा इथे रात्रीचे साडेनऊ, आणि तो संध्याकाळी चारला परततो तेव्हा इथे पहाटेचे साडेपाच. म्हणजे तो डोंगरावर असतो ती आमची पूर्ण रात्र. मार्चमध्ये तिकडची घड्याळं तासभर पुढे सरकली आणि हाच मेसेज साडेचारला येऊ लागला.

फोनची रेंज नसतानाही उपग्रहामार्फत मेसेज पाठवणारं मशीन, म्हणजे सॅटेलाइट मेसेंजर, आम्ही दोघांनी मिळून निवडलं. तीन आठवडे फोनवर तोच विषय होता. कंपनीचं नाव इथे लिहीत नाही, कारण मॉडेल आणि प्लॅन सारखे बदलत राहतात. ज्या मुद्द्यांवर निवड केली ते मात्र बदलत नाहीत.

पहिला मुद्दा नेटवर्कचा. आपल्या गच्चीवरची डिशची छत्री एकाच दिशेला तोंड करून असते, कारण तिचा उपग्रह विषुववृत्तावर, सुमारे 36,000 किलोमीटरवर, आपल्या दृष्टीने जागच्या जागी असतो. रेव्हलस्टोक 51 अंश उत्तरेला. तिथून असा उपग्रह दक्षिणेला, फार तर क्षितिजापासून तीस अंशांवर दिसतो. आणि चांगला भुसभुशीत बर्फ टिकतो तो उत्तर उतारावर, जिथे दक्षिणेकडे पाठीशी अख्खा डोंगर उभा! म्हणजे जिथे माणूस जाणार तिथेच आकाश झाकलेलं. याउलट इरिडियम या नेटवर्कचे 66 उपग्रह सुमारे 780 किलोमीटरवरून ध्रुवावरून ध्रुवाकडे फिरतात, साधारण शंभर मिनिटांत एक फेरी. एक डोंगराआड गेला तर थोड्या वेळाने दुसरा येतो. शिवाय ते आपसात निरोप पुढे ढकलतात, त्यामुळे जवळपास जमिनीवरचं केंद्र असण्याची गरज पडत नाही. ग्लोबलस्टार या दुसऱ्या नेटवर्कचा उपग्रह आरशासारखा आहे, वर आलेलं खाली परत पाठवतो, त्यामुळे त्याच वेळी त्याला जमिनीवरचं केंद्र दिसायला लागतं. आम्ही इरिडियम घेतलं. हा निर्णय आजही बरोबर वाटतो.

दुसरा मुद्दा: मेसेज दोन्ही बाजूंनी हवा. काही स्वस्त मशीन एकतर्फी असतात, बटण दाबलं की निरोप जातो, पण पोचला की नाही, समोरचा काय म्हणतो, काही कळत नाही. 406 मेगाहर्ट्झचा पीएलबी, म्हणजे बटण दाबलं की उपग्रहामार्फत फक्त संकटाचा इशारा देणारं यंत्र, तोही पाहिला. त्याला वर्गणी नाही, बॅटरी वर्षानुवर्षं टिकते, आणि त्यामागची कॉस्पास-सारसॅट यंत्रणा 1982 पासून माणसं वाचवते आहे. जीव धोक्यात असेल तर ते उत्तम साधन. पण "पाय मुरगळलाय, चालता येतंय, उशीर होईल" हे त्याला सांगता येत नाही. आणि आम्हाला रात्रभर ज्याची गरज होती ते नेमकं हेच होतं.

तिसरा मुद्दा, मशीनला स्वतःचा छोटा स्क्रीन आणि बटणं हवीत. फोनला जोडूनच चालणारी मशीन टायपिंगला सोपी, पण थंडीत फोन आधी मान टाकतो. आयफोनसाठी तर शून्य ते 35 अंश हीच वापरायची मर्यादा दिलेली आहे. उणे पंधरात फोन बंद पडला की हातात मशीन असून नुसता दगड.

फेब्रुवारीत तीन आठवडे मी तिकडे होतो, तेव्हा ते स्वतः हाताळलं. वजन साधारण शंभर ग्रॅम, आपल्या आंघोळीच्या साबणाच्या वडीएवढं. जाड हातमोजे घालून एकेक अक्षर निवडून लिहिणं फार सावकाश होतं. एवढ्याशा कुठल्याही मशीनवर ते तसंच होणार. म्हणून आधीच लिहून ठेवलेले तीन मेसेज हाच खरा वापर: "निघालो", "ठीक आहे, उशीर होईल", "गाडीपाशी आलो". बाकी काही लिहायचं तर रोमन लिपीत मराठी लिहितो. एसएमएसमध्ये रोमन 160 अक्षरं बसतात, देवनागरीची जेमतेम 70. एसओएसचं बटण झाकणाखाली आहे, झाकण उघडून दाबून धरावं लागतं, त्यामुळे खिशात चुकून दाबलं जाण्याची भीती नाही. मोकळ्या माथ्यावर मेसेज मिनिटाभरात गेला. दाट झाडीत उतरल्यावर त्याच मेसेजला आठ-दहा मिनिटं लागली. बर्फाने लगडलेली झाडं आकाश कसं झाकतात हे तिथे उभं राहिल्यावरच कळतं.

आता जानेवारीतल्या त्या पहाटेबद्दल. सोलापुरात गड्ड्याची जत्रा भरली होती, पाहुणे घरी होते. साडेपाच वाजले, मेसेज नाही. सहा वाजले. मशीनची जागा दाखवत नकाशावर दर दहा मिनिटांनी पुढे सरकणारा ठिपका चार दहाला एका उतारावर थांबलेला. आई काही बोलत नव्हती, नुसती देवघरासमोर बसून होती. मी धाकट्याच्या फोनवर दहा वेळा फोन केला, अर्थातच बंद. मग इथूनच 911 लावला. तो लागत नाही. भारतातून कॅनडाचा आपत्कालीन नंबर असा लागत नाही, त्यासाठी तिथल्या पोलिस ठाण्याचा थेट दहा आकडी नंबर हवा, आणि तो माझ्याकडे नव्हता. पावणेआठला त्याच्या घरमालकिणीचा नंबर एका जुन्या पार्सलवर सापडला. तिने सांगितलं, पोरं आत्ताच पार्किंगला पोचली आहेत.

झालं होतं एवढंच: मित्राच्या स्लेडचा बेल्ट तुटला. यंत्रमाग चालवणाऱ्या आमच्या घराला बेल्ट तुटणं म्हणजे काय हे सांगायला नको. बदलून निघाले तर दुसरी स्लेड बर्फात रुतली, ती खणून काढण्यात दोन तास गेले. त्याने "उशीर होईल" पाठवलाही होता. पण मशीन सीटमागच्या बॅगेत, फावडं आणि जुन्या बेल्टखाली दाबलेलं. मेसेज निघालाच नाही, रांगेत पडून राहिला.

त्या दिवशी दोन गोष्टी पक्क्या कळल्या. ठिपका थांबला म्हणजे माणूस थांबला असं नाही. शेवटचं पोचलेलं ठिकाण तेवढं दिसतं. आणि मशीन स्लेडवर नाही, अंगावर हवं. स्लेड दरीत गेली आणि माणूस वर राहिला तर बॅगेतल्या मशीनचा काय उपयोग? आता ते त्याच्या पाठपिशवीच्या खांद्यावरच्या पट्ट्याला, अँटेना वर करून बांधलेलं असतं.

तिथेही एक काळजी घ्यावी लागते. हिमस्खलनात गाडलेला माणूस शोधायचं बीकन 457 किलोहर्ट्झवर चालतं, आणि जवळचं कुठलंही इलेक्ट्रॉनिक यंत्र त्यात गडबड करू शकतं. रायडर लोकांचा नियम आहे: बीकन सिग्नल पाठवत असताना बाकी यंत्रं वीस सेंटिमीटर लांब, आणि शोधत असताना पन्नास. फोनलाही हेच लागू. धाकट्याचं बीकन पोटाशी आणि मेसेंजर खांद्यावर, ते याच कारणाने.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी, कारण आईचा आणि माझाही आधी गैरसमज होता. हिमस्खलनात गाडलेल्या माणसाला हे मशीन वाचवत नाही. पहिली दहा-पंधरा मिनिटं हातात असतात, त्यानंतर जगण्याची शक्यता झपाट्याने उतरते. एवढ्या वेळात हेलिकॉप्टर येत नाही. बरोबरच्या सोबत्यांनीच बीकनने जागा शोधायची, प्रोब नावाची लांब काठी खुपसून खोली बघायची आणि फावड्याने उपसायचं. मेसेंजर कामाला येतो तो त्यानंतर: पाय मोडला, इंजिन बंद पडलं, रात्र डोंगरावर काढायची वेळ आली, तेव्हा. म्हणून मशीन घेतल्याच्या महिन्यात मी त्याला हिमस्खलन प्रशिक्षणाची फीसुद्धा पाठवली आणि तो कोर्स झाल्याशिवाय वर जायचं नाही असं दादा म्हणून सांगितलं. तो ऐकला. अ‍ॅव्हलांच कॅनडाचं ऑफिस त्याच्याच गावात आहे, त्यांचं धोक्याचं रोजचं पत्रक, पाच पायऱ्यांचं, आता मीही वाचतो. चौथी पायरी दिसली की त्या दिवशी बाहेर न जाण्याबद्दल आमचं फोनवर बोलणं होतं.

जानेवारीनंतर आम्ही एक कागद लिहिला. तो कालनिर्णयच्या शेजारी चिकटवला आहे. ठरलेल्या वेळेनंतर एक तास: काही करायचं नाही. दोन तास: मशीनवर मेसेज, "कुठे आहेस". तीन तास: मित्राला आणि घरमालकिणीला फोन. चार तास: तिथल्या पोलिस ठाण्याला थेट फोन, हातात शेवटच्या ठिपक्याचे अक्षांश-रेखांश, दोन्ही स्लेडचे रंग आणि माणसं किती. तिकडे शोधपथकाला पोलिसच बोलावतात, पथकातले लोक स्वयंसेवक असतात आणि शोधाचं बिल लावत नाहीत. हे कळल्यावर माझ्या मनातली "उगाच खर्चात पाडलं तर" ही भीती गेली. ज्या दिवशी तो कागद लागला त्या रात्री आई पहिल्यांदा सलग झोपली.

फोन उचलण्याबद्दलही ठरवावं लागलं. एसओएस दाबला की चोवीस तास चालणारं नियंत्रण केंद्र आधी मशीनवर विचारपूस करतं आणि नोंदवलेल्या नातेवाइकांना फोन करतं. आमच्या घरात मात्र सायबर फसवणुकीच्या बातम्या ऐकून ऐकून +1 ने सुरू होणारा नंबर कोणी उचलतच नव्हतं! मग त्या केंद्राचा नंबर सेव्ह केला, सायलेंटवरही वाजेल असं सेटिंग केलं, आणि पहिला संपर्क म्हणून रेव्हलस्टोकमधला मित्र टाकला, दुसरा मी. साडेतेरा तास लांब असलेला माणूस पहिला संपर्क असणं बरोबर नाही. परदेशातून येणारे एसएमएस इथे कधी कधी तासभर उशिरा येतात, हाही अनुभव घेतला. त्यामुळे आता मेसेज अ‍ॅपवर आणि ईमेलवर दोन्हीकडे येतो.

बॅटरीबद्दल थोडक्यात: दहा मिनिटांच्या ट्रॅकिंगवर दिवसाला पंधरा-वीस टक्के जाते, झाडीत जास्त. गारठलेलं मशीन घरी आल्या आल्या चार्जिंगला लावायचं नाही, शून्याखालच्या लिथियम बॅटरीला चार्जिंग बाधतं. आधी खोलीत ठेवून ऊब येऊ द्यायची. खर्चाचं म्हणाल तर मशीन एकदाच, वर्गणी दर महिन्याला. आमचा प्लॅन हंगामापुरता चालू ठेवून नंतर थांबवता येतो. तयार मेसेजना त्यात मोजणी नाही, म्हणून वर्गणी जड गेली नाही.

कॅनडाहून परत येताना भाच्याचा फोन आला होता. तो हिवाळ्यात हिमाचलात किन्नौरमार्गे स्पितीला बाइकवर जायचं म्हणतोय, म्हणाला मामा, तसलं एक माझ्यासाठी घेऊन ये. मी आणलं नाही, आणि हे वाचणाऱ्या कुणीही आणू नये. आपल्याकडे इरिडियम आणि थुराया या उपग्रह नेटवर्कच्या यंत्रांना बंदी आहे. आधी 1885 चा टेलिग्राफ कायदा आणि 1933 चा वायरलेस कायदा, त्यांच्या जागी आणलेला 2023 चा दूरसंचार कायदा, आणि परवानगीशिवाय असं यंत्र बाळगणं गुन्हा. विमानतळावर परदेशी पाहुण्यांना याच कारणाने अटक झालेली आहे. ट्रेकिंगचं साधं मशीन आहे हे तिथे सांगून चालत नाही. भाच्याला मी आमचा कागद लिहून दिला. रोज मुक्कामाला पोचल्यावर कोणाला कळवायचं, किती तास वाट बघायची, पुढे स्पितीतल्या काझाला कोणाला फोन करायचा. त्या कागदाला मशीन लागत नाही.

एप्रिलअखेर वर्गणी थांबवली. मशीन अर्धं चार्ज करून धाकट्याच्या कपाटात ठेवलंय. इथे पारा चाळिशीपार गेलाय आणि आई अजूनही रविवारी साडेपाचला उठते. परवा तिने विचारलं, ते तयार मेसेज बदलता येतात का. म्हटलं येतात, खात्यावर बदलून मशीनला जोडायचं, नोव्हेंबरच्या आत कधीही. मग म्हणाली, तिसऱ्यात सुरुवातीला "आई" घाल. धाकट्याने त्याच रात्री घातलं.