सीता अशोकाचं रोप: सात वर्षं थांबून लिहिलेला अभिप्राय

रोप घेतलं जून २०१६ मध्ये आणि पहिला फुलोरा आला फेब्रुवारी २०२३ मध्ये. या झाडाबद्दल वर्षा-दोन वर्षांत मत देण्यात अर्थ नसतो, म्हणून इतकी थांबले.

त्याआधी एकदा फसले होते. चिपळूणहून येताना हमरस्त्यावरच्या एका रोपवाटिकेत ‘अशोक द्या’ म्हटलं, तर साठ रुपयांत एक सरळसोट रोप हातात मिळालं. घरी आणून लावलं, वर्षभर वाढवलं आणि मग कळलं की हा आसुपालव. शाळांच्या आणि सोसायट्यांच्या कुंपणाला रांगेत उभा असतो, तोच. लांबट, कडेला लाटा असलेलं एकेकटं पान, फिकट हिरवी चांदणीसारखी फुलं. झाड वाईट नाही, त्याची फळं वटवाघळं आवडीने खातात. पण ते सीताफळाच्या कुळातलं. खरा अशोक, म्हणजे सीता अशोक, चिंचेच्या गोतावळ्यातला, शेंगा धरणारा. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. विकणाऱ्याला हे माहीत असायलाच हवं होतं, याचा मला अजून राग येतो.

रागाला कारण आहे. माझ्या माहेरी पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठावर खऱ्या अशोकाचं एक मोठं झाड होतं. औषधासाठी कुणीतरी त्याची साल काढून नेली, तीही बुंध्याला चहूबाजूंनी सोलून. पानांनी केलेलं अन्न सालीतून मुळांकडे उतरतं. ती वाट तुटली आणि दोन वर्षांत झाड वाळलं. पश्चिम घाटातल्या सदाहरित रानात, ओहोळांच्या कडेने हे झाड आपोआप येतं, पण सालीच्या मागणीने ते विरळ होत गेलं. १९९८ साली धोक्यातल्या प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय लाल यादीत त्याची नोंद ‘असुरक्षित’ म्हणून झाली.

दुसरं रोप मिळालं ते एका वाडीतल्या घरगुती रोपवाटिकेत. पाटी नाही, फक्त मांगराच्या (शेतातल्या खोपटाच्या) मागे सावलीत लावलेल्या पिशव्या. तिथल्या दादांनी पैसे घ्यायच्या आधी विचारलं, “वहिनी, लावणार कुठे? गच्चीवर कुंडीत लावायचं असेल तर नेऊ नका.” न्हाणीचं पाणी जातं तिथे, फणसाच्या सावलीत, असं सांगितल्यावर त्यांनी रोप दिलं. दीडशे रुपये. बी त्यांनी स्वतः गोळा केलेलं होतं. तक्रार एकच: रोप पिशवीत फार दिवस राहिलेलं होतं, तळाशी मुळांचं वेटोळं झालं होतं. ते मला सोडवून घ्यावं लागलं आणि पहिलं वर्ष रोप जागचं हललं नाही. घेताना पिशवी उचलून तळ नक्की बघा.

आता ओळख कशी पटवायची ते सांगते. फुलं यायची वाट बघायला नको, पान पुरे. एका देठावर समोरासमोर पर्णिकांच्या, म्हणजे पानाच्या छोट्या भागांच्या, चार ते सहा जोड्या असतात. आणि कोवळी पालवी बघितलीत तर चूक होणारच नाही. ती तांबूस-चॉकलेटी रंगाची, अगदी लुळी, ओला रुमाल दोरीवर टाकावा तशी लोंबते. पहिल्यांदा फुटली तेव्हा मी घाबरून आळ्यात दोन कळशा पाणी ओतलं. गरज नव्हती. आठवडाभरात पानांत ताठपणा आला, रंग हिरवा झाला. तुमच्याकडे असं झालं तर झाड मेलं समजून उपटू नका.

फुलांबद्दल मात्र कितीही लिहिलं तरी कमीच. आमच्या झाडाला पहिला झुबका शेंड्याला न येता बुंध्यापासून हातभर वर, जुन्या सालीतून फुटला, फणस खोडाला लागतो तसा. नंतर फांद्यांवर आले. भाचीला घेऊन भिंगाखाली एक फूल धरलं. आम्ही पाकळ्या मोजायला बसलो आणि कळलं की या फुलाला पाकळ्याच नसतात! आपण पाकळ्या समजतो ती निदलं (एरवी कळीला बाहेरून झाकणारी दलं), चार, खाली बारीक नळी. त्यातून लांब पुंकेसर बाहेर झेपावतात. आमच्या फुलात सात निघाले. उमलताना रंग पिवळट-केशरी, मग दिवसागणिक लाल होत जातो. त्यामुळे एकाच झुबक्यात कालची आणि आजची फुलं वेगळी ओळखू येतात. वास दिवसा मंद असतो. तिन्हीसांजेनंतर पडवीत बसलं की खरा येतो.

मेहनत फारशी नाही. पहिली तीन वर्षं उन्हाळ्यात दिवसाआड पाणी, सावली, बुंध्याशी पालापाचोळ्याचा थर, पावसाच्या तोंडावर शेणखत. बस्स. कडक उन्हात पानांच्या कडा करपतात, म्हणून मोकळ्या माळावर लावू नका. उंची अजून घराच्या पागोळीएवढीच आहे, हे घाईच्या माणसाचं झाड नव्हे.

झाडाला पाचपैकी पाच. दादांना चार, एक गुण मुळांच्या वेटोळ्याचा कापला. पण लावायची जागा विचारल्याशिवाय रोप न विकणारा माणूस मला दुसरा भेटलेला नाही.

सध्या झाडावर जांभळट, चपट्या, चामड्यासारख्या शेंगा लोंबतायत. पावसात त्या तडकल्या की दहा-बारा बिया देऊ शकेन. हे बी ठेवून टिकत नाही, वाळलं की रुजत नाही. तेव्हा ज्यांच्या पिशव्या माती भरून तयार असतील, त्यांनीच सांगा.