पोपटाचा लळा: दाणापाणी वाटून घ्यावे की खाऊ राखून ठेवावा?

जळगाव-भुसावळकडच्या घरात कॉकटील हा तुरेवाला परदेशी पोपट एकाच माणसाला चिकटून राहिला (देशी पोपट पाळण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे), तर दोन उपाय करता येतात. सर्वांनी आळीपाळीने दाणापाणी देणे सोपे असले, तरी वाटीतले दाणे कोणी टाकले याच्याशी पक्ष्याला फारसे देणेघेणे नसते. दुसऱ्या उपायात बाजरीच्या कणसासारखा सर्वांत आवडता खाऊ केवळ दुरावलेल्या सदस्याच्या हातून मिळतो आणि तेवढा वेळ लाडका माणूस खोलीबाहेर थांबतो. तुरा डोक्याला चपटा करून पक्षी फुसकारला, तर हात मागे घ्यावा आणि तो आपणहून पुढे सरकेपर्यंत वाट पाहावी. हा उपाय सावकाश लागू पडतो, तरी मला तोच खात्रीचा वाटतो. आजीने मात्र लाडाने शेव भरवू नये, कारण खारट पदार्थ त्याला बाधतात.