स्लीव्हनंतरचा बायपास: उपाय चांगला, पण केंद्र पारखून घ्या

स्लीव्ह म्हणजे वजन उतरवण्यासाठी जठराचा मोठा भाग कापून ते नळीसारखं करण्याची शस्त्रक्रिया. तिच्यानंतर काही वर्षांनी काहींना रात्री आंबट पाणी घशाशी येऊन ठसका लागतो, गोळ्यांनीही थांबत नाही. अशा वेळी रू-एन-वाय बायपासमध्ये (जठराची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडणं) रूपांतर हाच सगळ्यात भरवशाचा उपाय. पण एंडोस्कोपी आणि बेरियमचा एक्स-रे न करता तारीख देणारं केंद्र नकोच! जठर मध्येच अरुंद झालंय का, पिळलंय का, हायटस हर्निया (जठराचा वरचा भाग छातीत सरकणं) आहे का, हे आधी दिसायला हवं. नवी पिशवी जेमतेम 30 मिलीची. बायपासमध्ये वर आणलेल्या आतड्यामागे तयार होणारी पीटरसनची फट टाके घालून बंद करणार ना, हे स्पष्ट विचारा. उघडी राहिली तर वजन उतरल्यावर आतडं तिच्यात अडकू शकतं. विडी-सिगारेट सुटल्याशिवाय ऑपरेशनच्या टेबलावर जाऊ नये, पिशवी आणि आतड्याच्या जोडावर अल्सर होतो. बी-12, लोह, कॅल्शियम सायट्रेट आयुष्यभर.